हात न जोडण्याचा हक्क

१७ ऑक्टोबर १९४९ रोजी दिल्लीत देवावर मतदान झालं. संविधान सभेत त्या दिवशी उद्देशिकेची, म्हणजे संविधानाच्या सरनाम्याची, चर्चा चालू होती. ह. वि. कामत यांनी दुरुस्ती सुचवली, की 'आम्ही भारताचे लोक' याच्या आधी 'ईश्वराच्या नावाने' असे शब्द घालावेत. कामत मूळचे मंगळुरूचे, आयसीएसची नोकरी सोडून स्वातंत्र्यलढ्यात उतरलेले, आणि सभेत उठून दुरुस्त्या मांडण्याचा कधी कंटाळा न केलेले गृहस्थ. त्यांच्या या दुरुस्तीने सभागृहाची चांगलीच पंचाईत झाली. विरोध करावा तर आपण देवाच्या विरोधात गेल्यासारखं दिसणार, आणि पाठिंबा द्यावा तर तेही गळ्याखाली उतरेना. आसामचे रोहिणीकुमार चौधरी उठले आणि त्यांनी विचारलं, ईश्वरच का, देवी का नको? ते कामाख्येच्या मुलखातून आलेले. पूर्णिमा बॅनर्जी यांनी कामतांना अक्षरशः विनवलं, की देवाला मताला टाकण्याची वेळ आमच्यावर आणू नका. अध्यक्षस्थानी राजेंद्रप्रसाद होते, स्वतः मोठे श्रद्धाळू. कामत हटले नाहीत. मत घेतलं गेलं. बाजूने ४१, विरोधात ६८. निकाल ऐकून कामत म्हणाले, आपल्या इतिहासातला हा काळा दिवस आहे, देव भारताचं रक्षण करो.

त्या ६८ जणांत नास्तिक कितीसे असतील? बोटावर मोजण्याइतके. बाकीचे घरी देवपूजा करून, नमाज पढून किंवा चर्चमध्ये जाऊन येणारे होते. हृदयनाथ कुंझरूंनी त्यांच्या मनातलं बोलून दाखवलं होतं. माणसाच्या मनातली सगळ्यात पवित्र गोष्ट अशी चव्हाट्यावर आणली गेली याचंच त्यांना वाईट वाटत होतं, आणि श्रद्धेच्या स्वातंत्र्याचं वचन देणाऱ्या उद्देशिकेची सुरुवातच एखाद्याच्या श्रद्धेविरुद्ध शब्द त्याच्या तोंडी घालून करणं त्यांना पटत नव्हतं. थोडक्यात, देव मानणाऱ्या माणसांनी देवाचं नाव वगळलं, ते न मानणाऱ्याच्या तोंडून वदवून घ्यायला नको म्हणून. आपल्या सार्वजनिक आयुष्यातला हा एक देखणा निर्णय आहे, आणि शाळेच्या पुस्तकात तो शिकवल्याचं मला तरी आठवत नाही.

मी देव मानत नाही. कॉलेजात असल्यापासून हे उघडपणे म्हणते आहे, आणि खरं सांगायचं तर या वाक्यावरून माझ्याशी कुणी कधी भांडलेलं नाही. माहेरी नाही, सासरी नाही, नोकरीतही नाही. 'असतं एकेकाचं' म्हणून लोक चहा पुढे करतात. भांडण होतं ते दुसऱ्याच जागी. सोसायटीच्या गणपतीच्या आरतीला सगळ्यांबरोबर उभी राहिले पण टाळ्या वाजवल्या नाहीत, तीर्थासाठी ओंजळ पुढे केली नाही, ऑफिसातल्या सत्यनारायणाला नमस्कार न करता नुसताच प्रसादाचा शिरा खाल्ला, सवाष्ण म्हणून जेवायचं बोलावणं आलं आणि 'नको' म्हटलं, की माणसांचे चेहरे बदलतात. मग 'एवढं काय, हात जोडले तर झिजणार आहेत का?' असं कुणीतरी म्हणतंच. आपल्याकडे देवाचा प्रश्न मनाचा कमी आणि हातांचा जास्त आहे. काय मानता हे कुणी विचारत नाही. काय करता यावर मात्र सगळ्यांचं लक्ष असतं.

हिंदू धर्मात नास्तिकालाही जागा आहे, असं आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. ते खोटं नाही. सांख्यांनी ईश्वराला न बोलावता जगाची मांडणी केली. चार्वाकांनी तर परलोकच उडवून लावला. पण मला या यादीत सगळ्यात बोलके वाटतात ते पूर्वमीमांसक. त्यांना जगाचा निर्माता म्हणून ईश्वर नको होता आणि फळ देणारा म्हणूनही नको होता. यज्ञ मात्र हवा होता, तोही तंतोतंत, समिधेपासून स्वरापर्यंत. ईश्वर नसला तरी चालेल, विधी चुकता कामा नये. ही व्यवस्था आजही आपल्या घराघरांत चालू आहे. तुझ्या मनात काय असेल ते तुझ्यापाशी, पूजेला मात्र बस. आपल्या परंपरेने नास्तिकाला जागा दिली ती पाटावर, सोवळं नेसवून.

आमच्या देवघरात खंडोबाचा आणि तुळजाभवानीचा टाक आहे, बाळकृष्ण आहे, अन्नपूर्णा आहे, शंख-घंटा आहे. सासूबाईंचे गुडघे गेले आणि त्यांना खाली बसता येईना, तेव्हा त्यांनी मला बोलावलं. म्हणाल्या, "तू मानत नाहीस ते ठाऊक आहे गं मला. पण देव पारोसे राहिलेत." त्यांचा मुलगाही मानत नाही. त्याला त्यांनी विचारलं नाही. मी पूजा करू लागले. देव ताम्हनात घ्यायचे, पाणी घालायचं, कोरड्या फडक्याने पुसायचे, टाकाच्या उठावात अडकून बसलेलं जुनं गंध काडीने अलगद काढायचं, पितळेचे असतील ते अधूनमधून चिंचेने घासायचे. सासूबाई कॉटवरून सूचना द्यायच्या. "अन्नपूर्णा तांदळात ठेव, नुसती नको ठेवूस." एकदा मी बाळकृष्ण उलट्या तोंडाने ठेवला तर त्या इतक्या हसल्या, की त्यांना ठसका लागला. त्या पूजेने मी आस्तिक झाले नाही, आणि मी झाले असा त्यांनीही सोयीस्कर समज करून घेतला नाही. दोघींमध्ये काय चाललंय ते दोघींना नीट कळत होतं. एका मैत्रिणीने याला तडजोड म्हटलं. मला तसं वाटत नाही. आपल्या माणसाचं एक काम अडलं होतं, ते मी केलं. हेच काम साहेबांच्या डोळ्यांदेखत, गोपनीय अहवालाच्या भीतीने करावं लागलं असतं, तर त्याला मी वेगळा शब्द वापरला असता. हात तेच, ताम्हन तेच. नाही म्हणता येत होतं की नाही, सारा फरक तिथे आहे.

आता त्या मुलाविषयी, म्हणजे माझ्या नवऱ्याविषयी. त्याला का विचारलं नाही? कारण घरातल्या देवाचं खातं बाईकडे असतं. महाराष्ट्रातले कितीतरी विवेकवादी पुरुष मी जवळून पाहिले आहेत. 'मी काही मानत नाही, आमच्या हिचं चालू असतं,' हे त्यांचं आवडतं वाक्य. त्या 'हिच्या' उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी दोन वेळा वाढून घेतात, 'हिने' केलेल्या गौरींच्या पुरणपोळ्या मित्रांना बोलावून खाऊ घालतात, आणि स्वतःचा बुद्धिवाद इस्त्री केलेल्या शर्टासारखा स्वच्छ ठेवतात. त्यांच्या नास्तिकपणाला काही किंमत पडत नाही. कारण सण, कुळाचार, आल्यागेल्याची ओटी, नात्यातल्यांचा रुसवाफुगवा, हे सगळं दुसऱ्या कुणीतरी अंगावर घेतलेलं असतं. बाईने 'मी मानत नाही' म्हटलं, की वटपौर्णिमेपासून मंगळागौरीपर्यंत प्रत्येक दिवशी तिला ते पुन्हा म्हणावं लागतं, आणि दर वेळी ते देवाच्या विरोधात नव्हे, नवऱ्याच्या आयुष्याच्या विरोधात बोलल्यासारखं ऐकलं जातं.

गोपाळ गणेश आगरकरांचं उदाहरण इथे नेहमी दिलं जातं. १८८८ मध्ये 'सुधारक' काढून त्यांनी देव, धर्म, सोवळं, श्राद्ध, सगळ्यांवर लेखणी चालवली. पुण्यातल्या सनातन्यांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. असा हा माणूस घरात मात्र पत्नी यशोदाबाईंच्या व्रतवैकल्यांच्या आड आला नाही. याचं कौतुक व्हायलाच हवं. स्वतःची मतं घरच्यांवर न लादणारे सुधारक तेव्हाही थोडे होते आणि आजही थोडेच आहेत. पण मला ते चित्र उलटं करून पाहावंसं वाटतं. यशोदाबाईंनी देव मानला नसता आणि गोपाळराव सोवळ्याचे असते, तर? त्या घरात 'आडकाठी केली नाही' हे वाक्य कुणाला लिहिता आलं असतं का?

घराबाहेर हाच प्रश्न पगाराशी जोडला जातो. नाशिकमधल्या एका शाळेतल्या शिक्षकाने परिपाठाच्या प्रार्थनेला हात जोडले नाहीत. ते प्रार्थनेला हजर राहत, रांगेत उभे राहत, गडबड करत नसत. फक्त हात जोडत नसत. शाळेने त्यांची वरची वेतनश्रेणी अडवली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१३ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की शिक्षकावर अशी सक्ती करता येत नाही. जोडलेल्या दोन तळव्यांसाठी एका शिक्षकाला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते, यावर जास्त भाष्य करायची गरज नाही.

त्याच्या बरीच वर्षं आधी, १९८६ मध्ये, केरळमधल्या तीन मुलांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गाजला होता. ही मुलं शाळेत राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण गात नसत. शाळेने काढून टाकलं, न्यायालयाने परत घ्यायला लावलं. ही मुलं नास्तिक नव्हती. उलट 'यहोवाचे साक्षीदार' या कडव्या ख्रिस्ती पंथातली होती. आपल्या देवाखेरीज कुणाचीही स्तुती गायची नाही, इतका त्यांचा देव एकटा आणि इतकी त्यांची श्रद्धा पक्की. हे मी मुद्दाम सांगते आहे. हात न जोडण्याचा, तोंड न उघडण्याचा हक्क म्हटलं की तो नास्तिकांची चैन आहे असं वाटतं. प्रत्यक्षात तो श्रद्धाळूंनाच जास्त लागतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत सरस्वतीपूजनाच्या वेळी मागे उभी असलेली मुसलमान मुलगी काही नास्तिक नसते.

हे नीट कसं करावं याचा नमुना आपल्या संविधानातच आहे. तिसरी अनुसूची उघडून पाहा. मंत्री, आमदार, खासदार, न्यायाधीश यांना शपथेचे दोन पर्याय दिले आहेत: 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो' किंवा 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो'. दोन्हींचं वजन सारखं. १९६९ च्या शपथ कायद्याने न्यायालयातल्या साक्षीदारालाही हीच सोय दिली आहे. एखाद्या आमदाराने दुसरा पर्याय निवडला म्हणून त्याची निष्ठा कमी झाली असं कुणी म्हणत नाही. बहुतेक वेळा कुणाच्या लक्षातही येत नाही. मला नेमकं हेच हवं आहे, लक्षात न येणं. आरतीला कुणी टाळ्या वाजवतंय, कुणी नुसतं उभं आहे, कुणी घरी बसलंय, आणि त्याची चर्चा नाही.

पण कायदा सगळीकडे इतका उदार नाही. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आणखी एक निकाल दिला. तिघांनी शासकीय राजपत्रात 'धर्म नाही' अशी नोंद मागितली होती आणि मुद्रणालयाने ती नाकारली होती. गंमत म्हणजे हे तिघेही देव मानणारे होते. येशूवर श्रद्धा आहे, पण ख्रिस्ती किंवा कोणताच धर्म आमचा नाही, असं त्यांचं म्हणणं. न्यायालयाने त्यांची बाजू घेतली. सद्सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यात कोणताच धर्म न मानण्याचं स्वातंत्र्यही येतं, आणि धर्म जाहीर करण्याची सक्ती सरकार कुणावर करू शकत नाही, असं स्पष्ट सांगितलं. निकाल उत्तम आहे. पण त्याच्या शेजारी १९५५ चा हिंदू विवाह कायदा ठेवून पाहा. त्यात हिंदू, बौद्ध, जैन, शीख ही नावं घेतल्यावर पुढे आणखी एक वर्ग येतो: जो मुसलमान, ख्रिस्ती, पारशी किंवा ज्यू नाही तो. म्हणजे हिंदू घरात जन्मलेल्या मी कितीही वेळा 'धर्म नाही' लिहिलं, तरी लग्न, घटस्फोट, वारसा आला की साधारणपणे पुन्हा त्याच छत्रीखाली. मला या छत्रीचा फार त्रास आहे असं नाही. पण ज्याला आपण बाहेर पडणं म्हणतो, ते कायद्याच्या नजरेत घडतच नाही, एवढं कळलेलं बरं.

आणि बाहेर पडण्याची किंमत सगळ्यांना सारखी नाही. 'धर्म-जातीचा रकाना कोरा ठेवा' असं आवाहन अधूनमधून समाजमाध्यमांवर फिरतं. करणारी मंडळी चांगल्या मनाची असतात आणि बहुतेक वेळा सवर्ण असतात. ब्राह्मण किंवा मराठा नास्तिकाने रकाना कोरा ठेवला तर त्याचं काय जातं? फार तर एखादी आत्या रागावते. अनुसूचित जातींची यादी मात्र १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने धर्माला बांधलेली आहे. आधी जवळपास फक्त हिंदू, १९५६ मध्ये शीख, १९९० मध्ये बौद्ध. मातंग समाजातल्या एखाद्या मुलाने देव मानायचं सोडलं आणि तसं कागदोपत्री लिहिलं, तर त्याच्या हातातला जातीचा दाखलाच वादात सापडू शकतो. दुसऱ्याच्या दाखल्यावर आपला बाणेदारपणा करू नये, असं मला वाटतं.

देव नाकारण्याचा महाराष्ट्रातला इतिहास सांगताना आपण आगरकरांपासून र. धों. कर्व्यांपर्यंत आणि तिथून श्रीराम लागूंपर्यंत येतो. सगळे पुण्या-मुंबईचे, लिहिणारे-बोलणारे. या यादीत एक तारीख नसते. १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यातली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आणि त्यांची उपासना न करण्याची आहे. लाखो माणसांनी ती मोठ्याने, एका सुरात म्हटली. त्यानंतर गावोगावच्या वस्त्यांमधल्या देव्हाऱ्यांतले देव नदी-विहिरींत सोडले गेले. इतक्या मोठ्या संख्येने, इतक्या उघडपणे देव नाकारण्याची दुसरी घटना महाराष्ट्रात झालेली नाही. २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रात होते. हे सगळे स्वतःला नास्तिक म्हणवत नाहीत, आणि म्हणवावं असा माझा आग्रहही नाही. पण त्यांनी जे केलं ते पुण्याच्या बुद्धिवाद्यांना जमलं नाही. देव काढल्यावर रिकामी झालेली जागा त्यांनी रिकामी ठेवली नाही. वंदना आली, विहार आले, पौर्णिमा आल्या, लग्नाचा वेगळा विधी आला, मरणानंतरचाही आला. 'शेवटी बुद्धापुढे हात जोडतातच ना?' असं कुणी कुत्सितपणे म्हणालं, की मला चीड येते. ज्या देवळाने दारातच उभं केलं त्याच्यापुढे जोडायचे नाहीत, आणि ज्याने माणूस म्हटलं त्याच्यापुढे जोडायचे, हा निर्णय त्या हातांच्या मालकांचा आहे. महात्मा फुल्यांनीही 'निर्मिक', म्हणजे जगाचा निर्माता, ठेवलाच होता. त्यांनी काढला तो मधला भट. सत्यशोधक विवाह १८७३ पासून होत आले आहेत आणि ते लावताना वधूवरांच्या मनात निर्मिक किती आहे हे कुणी तपासत बसलं नाही.

नास्तिकांकडे ही बाजू खरोखर लंगडी आहे. लग्न नोंदणी कार्यालयात होतं, बारसं कसंही होतं, पण माणूस गेला की काय करायचं हे आपल्याला सुचत नाही. देहदान ही मोठी गोष्ट आहे, पण ती पहिल्या दिवशी संपते. पुढचे दहा-बारा दिवस लोक येत राहतात, त्यांच्याशी काय बोलायचं? घाटावर पिंडाला कावळा शिवत नाही, मग कुणीतरी पिंडाकडे तोंड करून म्हणतं, "काका, काळजी करू नका, धाकटीचं लग्न आम्ही बघतो." कावळ्याचं सोडा. पण त्या निमित्ताने चार माणसांच्या साक्षीने धाकटीची जबाबदारी कुणीतरी घेतलेली असते. आपल्या शोकसभेत भाषणं होतात, धाकटीचं नाव निघत नाही. आगरकरांनी जाण्याआधी स्वतःच्या दहनाचे पैसे पुरचुंडीत बांधून बाजूला ठेवले होते, असं सांगतात. ती पुरचुंडी आठवली की मला त्या माणसाच्या एकटेपणाची कल्पना येते.

डॉ. श्रीराम लागू आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर महाराष्ट्रभर जोडीने कार्यक्रम करत असत. लागू म्हणायचे, मी देव मानत नाही, देवाला आता निवृत्त करा. दाभोलकर म्हणायचे, अंधश्रद्धा निर्मूलन समिती देवाच्या किंवा धर्माच्या विरोधात नाही, देवाच्या नावाने होणाऱ्या शोषणाच्या विरोधात आहे. एकाच व्यासपीठावर, एकमेकांच्या शेजारी, आपला मतभेद न लपवता. समोरचे लोक प्रश्न विचारत. दाभोलकरांची भूमिका चळवळ म्हणून बरोबर होती. तिच्यामुळेच वारकऱ्यांशी संवाद राहिला, आणि शेवटी जादूटोणाविरोधी कायदा आला, तोही २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाल्यावर. माझी तक्रार त्यांच्याविषयी नाही, नंतरच्या आपल्याविषयी आहे. आपण दाभोलकरांची खुर्ची ठेवली आणि लागूंची उचलून आत नेली. आता देव न मानणारा माणूस कुठेही बोलायला उभा राहिला, की पहिलं वाक्य ठरलेलं: 'आम्ही देवाच्या विरोधात नाही, पण...' देव मानणाऱ्याला कधी 'मी नास्तिकांच्या विरोधात नाही, पण' अशी सुरुवात करावी लागते का? तालुक्याच्या गावी त्या दोन खुर्च्या आज पुन्हा मांडायच्या ठरवल्या, तर पहिली अडचण हॉल मिळण्याचीच येईल असं मला वाटतं.

इथे धार्मिक भावना दुखावण्याचा कायदा आठवतो. १९२७ मध्ये इंग्रजांनी आणलेलं २९५-अ कलम आता भारतीय न्याय संहितेत २९९ झालं आहे. आस्तिकाच्या भावना दुखावल्या तर पोलीस ठाणं आहे, नास्तिकाच्या दुखावल्या तर काय, असं काही मित्र चिडून विचारतात. मला नास्तिकांच्या भावनांसाठी कलम नको आहे. आहे तेच एक कलम पुष्कळ आहे. माझ्या भावना दुखावल्या तर मी घरी जाऊन चहा पिईन. आणि नवस फेडायला अनवाणी चालत निघालेल्या बाईला मूर्ख म्हणणारे आमच्यातले लोकही मला तितकेच नकोसे वाटतात. त्या बाईने दवाखाना, सावकार आणि तलाठी असे सगळे उंबरे झिजवून मग देवाचा उंबरा गाठलेला असतो. तिच्याशी वाद घालायचाच असेल, तर आधी उरलेल्या तिघांशी घालावा.

आता जनगणना येते आहे. तिचा संदर्भदिन १ मार्च २०२७ ठरला आहे आणि या वेळी जातीचीही नोंद होणार आहे. २०११ मध्ये देशात सुमारे २८ लाख ७० हजार लोकांचा धर्म 'सांगितलेला नाही' या खान्यात गेला. स्पष्टपणे नास्तिक म्हणून नोंदले गेलेले मात्र अवघे ३३ हजार, त्यातले साडेनऊ हजारांहून जास्त महाराष्ट्रातले. देशात सगळ्यात जास्त आपल्याकडे, हे वाचून अभिमान वाटावा की हसू यावं कळत नाही. सव्वाअकरा कोटींच्या राज्यात साडेनऊ हजार! माझ्या ओळखीच्या नास्तिकांची मोजदाद केली तरी हा आकडा संशयास्पद वाटतो.

कारण साधं आहे. प्रगणक, म्हणजे बहुतेक वेळा जवळच्या शाळेतल्या बाई किंवा गुरुजी, दुपारच्या उन्हात येतात. दारात जो कोणी भेटतो तो घरातल्या सगळ्यांची उत्तरं देतो, बहुतेक वेळा कर्ता पुरुष. धर्माचा प्रश्न आला की एकदाच 'हिंदू' म्हणायचं, आणि खालच्या सगळ्या नावांपुढे त्या धर्माचा तोच सांकेतिक आकडा. सांगितलं तसं लिहून घेण्याच्या सूचना प्रगणकाला असतात. अडचण सांगणाऱ्याची असते. ज्याच्या मनात काय आहे ते त्याला विचारलंच जात नाही. नियमांत काही नवीन घालायची गरज नाही. घरात हजर असलेल्या प्रत्येक प्रौढ माणसाला हा एक प्रश्न वेगळा विचारावा, एवढी सूचना प्रशिक्षणात दिली तरी पुरे. दर घरामागे दोन-तीन मिनिटं जास्त लागतील. आमच्या घरी सासूबाईंचं 'हिंदू' त्यांनी सांगावं, माझं 'नाही' मी सांगेन, आणि नवऱ्याने दोन्हींत तोंड घालू नये. त्याचं काय ते त्याने स्वतः सांगावं, आणि सांगितल्यावर पुढच्या गौरींच्या पुरणाला त्यानेही डाळ शिजत घालावी.